कुलाबा किल्ल्यावर चालत जायचंय? आधी परतीची वेळ ठरवा

पूर्ण ओहोटी सकाळी साडेनऊला आहे, म्हणून साडेनऊला अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचायचं, असं ठरवून निघणारी माणसं समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर हमखास अडचणीत येतात. साडेनऊला पाणी सर्वांत खाली असतं हे खरं, पण त्या क्षणापासून ते चढायलाच लागतं. वाट चालायला वीस मिनिटं, किल्ला पाहायला तासभर, फोटो काढायला आणखी पंधरा मिनिटं. निघेपर्यंत अकरा वाजून जातात आणि परतीच्या वाटेवर गुडघाभर पाणी आलेलं असतं. मग कुणी मुलाला खांद्यावर घेतं, कुणी चपला हातात धरतं आणि सगळे घाईघाईने पाण्यात शिरतात. अपघात होतात ते असे. किल्ल्याकडे जाताना सहसा कुणाला काही होत नाही, जे होतं ते परत येताना.

कुलाबा हा कोकणातला बहुधा सर्वांत सोपा जलदुर्ग आहे. होडी लागत नाही, चढ नाही, आणि अलिबागच्या एसटी स्टँडपासून किनाराही पायी जाण्याइतका जवळ. म्हणूनच तो लोक गृहीत धरतात. हा लेख फक्त जाण्यायेण्याच्या क्रमाबद्दल आहे. कान्होजी आंग्रे आणि आरमाराचा इतिहास घरी वाचून या, किल्ल्यात उभं राहून वाचत बसायला वेळ मिळत नाही. जंजिरा, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग अशा होडीने जायच्या किल्ल्यांसाठी काय बदलतं ते शेवटी आहे.

१. दिवस तिथीवरून निवडा

बहुतेक जण सुट्टीचा वार पाहतात आणि ओहोटीची वेळ तिथे पोहोचल्यावर विचारतात. हा क्रम उलटा हवा. आधी तिथी पाहा, मग त्यातला सोयीचा वार निवडा.

किनाऱ्यावरची माणसं वापरतात तो पाऊणपटीचा हिशोब असा: तिथीचा आकडा पाऊणपट करा, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. तिच्या साधारण सहा तास आधी किंवा नंतर पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हीला पंधरा धरायचे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. हा हिशोब मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात चांगला जमतो.

पण नुसती वेळ कळून भागत नाही, पाणी किती खाली उतरणार हेही पाहावं लागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भरती मोठी आणि ओहोटीही तितकीच खोल. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. गंमत म्हणजे उधाणाचा जोर ऐन पौर्णिमेला नसतो, तो एक-दोन दिवसांनी येतो. भांगाचंही तसंच. हे सगळं एकत्र धरलं की महिन्याचं चित्र असं दिसतं:

- द्वितीया ते पंचमी: पूर्ण ओहोटी सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान, आणि पाणीही चांगलं उतरलेलं. चालत जायला हेच दिवस. महिन्यात ते दोनदा येतात.
- षष्ठी, सप्तमी: ओहोटी साडेदहा ते सव्वाअकरा. वाट ओली राहते, मधे पाणी तुडवावं लागतं आणि हाताशी वेळ कमी असतो.
- अष्टमी ते दशमी: ओहोटी दुपारी बारा ते दीड. वेळ सगळ्यांना सोयीची वाटते, म्हणून फसगतही इथेच जास्त. भांगात वाट पूर्ण उघडी पडेलच असं नाही. या दिवशी घोडागाडी किंवा होडी धरून चाला.
- एकादशी ते त्रयोदशी: ओहोटी दुपारी सव्वादोन ते पावणेचार. त्रयोदशी त्यातल्या त्यात बरी. एकादशीला अजून भांगाचा असर असतो.
- चतुर्दशी ते प्रतिपदा: पाणी खूप खाली जातं, पण ओहोटी पडते पहाटे आणि संध्याकाळी. परतताना अंधार होतो. संध्याकाळच्या ओहोटीला किल्ल्याकडे निघूच नका, पाणी कितीही मागे हटलेलं दिसलं तरी.

महिना कोणता हेही ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत असतो. मार्च ते मे सकाळीच उरकावं लागतं, कारण दहानंतर वाळू तापते आणि दुपारनंतर खारे वारे जोर धरतात. जून ते सप्टेंबर चालत जायचा विचार सोडून द्या. पावसाळ्यात तक्त्यातला ओहोटीचा आकडा छान दिसतो, पण लाटा तक्ता वाचत नाहीत.

> तपासा: निवडलेली तारीख शनिवार-रविवारला जोडून आली असेल तर मुंबईहून येताना लागणाऱ्या वडखळच्या वाहतूक कोंडीसाठी दीड तास जादा धरा. सकाळची ओहोटी असेल तर आदल्या रात्रीच अलिबागला मुक्कामाला या. "पहाटे निघू, आठला पोहोचू" हे गणित वडखळलाच मोडतं.

२. तक्ता नीट वाचा

पाऊणपटीचा हिशोब दिवस निवडण्यासाठी आहे. नेमक्या वेळेसाठी भरतीचा तक्ताच पाहायचा. तिथी मधेच बदलते, क्षय-वृद्धी होते (एखादी तिथी गळते किंवा दोनदा येते), त्यामुळे अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो, आणि इथे अर्धा तास म्हणजे घोट्याचं पाणी गुडघ्याला.

तक्त्यात एका दिवसाचे साधारण चार आकडे असतात, दोन भरतीचे आणि दोन ओहोटीचे. प्रत्येकासमोर वेळ आणि मीटरमधली उंची. लोक फक्त वेळ पाहतात. उंची पाहा. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, एक दुसरीपेक्षा बरीच उथळ असू शकते. ओहोटीचा आकडा जितका लहान तितकी वाट कोरडी. या भागात उधाणाच्या दिवसांत तो एक मीटरच्या आत येतो आणि भांगात बराच वर राहतो. तारीख ठरवताना त्या महिन्यातले सगळे आकडे एकदा डोळ्यांखालून घाला, म्हणजे तुमचा दिवस कुठे बसतो ते कळेल.

तीन चुका इथे नेहमी होतात.

पहिली, आकड्याचा अर्थ चुकीचा लावणं. "ओहोटी ०.८ मीटर" म्हणजे वाटेवर ०.८ मीटर पाणी असेल असं नाही. हा आकडा एका ठरावीक पातळीपासून मोजलेला असतो. एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना करायला तो वापरा, पाण्याची खोली सांगायला नाही.

दुसरी, भलत्याच ठिकाणचा तक्ता. मोबाइलवरचं ॲप कधी कधी तुम्ही ज्या गावात आहात तिथून जवळचं बंदर आपोआप धरतं. अलिबागला मुंबईचा तक्ता चालतो, फरक थोड्या मिनिटांचा. मालवण-वेंगुर्ल्याकडे मात्र तो वापरू नका. दक्षिणेला भरती आधी येते आणि पाण्याचा चढउतारही कमी असतो.

तिसरी, किनाऱ्यावर कुणाला तरी विचारणं, "ओहोटी आहे का?" आणि "आहे" असं उत्तर ऐकून चालायला लागणं. पाणी उतरू लागलं की ओहोटी लागली असं म्हणतात, ती पुढे सहा तास चालते. प्रश्न असा विचारा: "पाणी पूर्ण कधी उतरेल, आणि वाट परत कधी बुडेल?"

३. वेळापत्रक शेवटाकडून लावा

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती ही: पूर्ण ओहोटीची वेळ ही किल्ल्यातून निघायची तयारी करण्याची वेळ आहे, पोहोचण्याची नाही.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ बारा भागांत मोजला तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात पुन्हा एक. पहिला तासभर पाणी जागचं हलत नाही असं वाटतं, तिथे माणूस निर्धास्त होतो. पुढच्या तासात त्याच्या दुप्पट चढतं, त्यापुढच्या तासात तिप्पट. "आत्ता तर काहीच नव्हतं" हे वाक्य दर वेळी याच टप्प्यावर ऐकू येतं.

उदाहरणादाखल पंचमीचा दिवस घेऊ. तक्त्यात पूर्ण ओहोटी सकाळी ९.४५. उधाणाच्या दिवसांत ओहोटीच्या आधी साधारण दीड तास आणि नंतर दीड तास वाट चालण्याजोगी असते असं धरा. नंतरच्या दीड तासातला शेवटचा अर्धा तास राखीव ठेवा, तो वापरायचाच नाही.

- ११.१५ ला वाट बुडू लागेल.
- १०.४५ पर्यंत सगळे अलिबागच्या वाळूवर हवेत.
- चालायला वीस-पंचवीस मिनिटं, मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर तीस. म्हणजे १०.१५ ला किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाऊल.
- किल्ल्यात सव्वा तास हवा, म्हणजे ९.०० ला आत.
- म्हणजे किनाऱ्यावरून ८.३० ला निघायचं.
- पाणी पाहायला, चौकशी करायला, पायातलं बदलायला अर्धा तास. म्हणजे ८.०० ला किनाऱ्यावर.

८.३० ला निघताना पाणी अजून उतरत असतं, वाटेत काही ठिकाणी घोट्याइतकं लागेल. चालेल. उतरत्या पाण्यामागून चालणं सुरक्षित, कारण थांबलात तरी दहा मिनिटांनी पाणी आणखी कमीच होणार. चढत्या पाण्यात थांबण्याची सोय नसते.

निघण्याची वेळ सगळ्यांच्या मोबाइलमध्ये गजर म्हणून लावा, एकाच्या नाही. गट मोठा असेल तर दोन गजर: एक निघण्याच्या पंधरा मिनिटं आधी, दुसरा निघायच्या वेळी.

> सावध: भांगाच्या दिवसांत दीड तासाचा हा हिशोब लागू नाही. तेव्हा वाट पाऊण तासही नीट मिळत नाही, कधी मुळीच मिळत नाही.

४. पायात काय घालायचं, आणि पिशवीत काय

किनाऱ्याजवळ वाळू घट्ट आहे, अनवाणी चालावंसं वाटतं. पण किल्ल्याच्या जवळ खडक लागतात आणि त्या खडकांना कालवं चिकटलेली असतात. कालव काढून नेल्यावर त्याची खालची शिंपली दगडालाच राहते, पांढरी, वाटीसारखी, कडा पात्यासारखी धारदार. ओल्या तळव्याला ती लागलेली आधी कळतच नाही, पाण्यात लाली दिसली की कळतं. खारं पाणी लागून अशी जखम दिवसभर ठणकते. रबरी चपला खडकावरच्या हिरव्या शेवाळावर सटकतात, आणि चिखलाळ जागेत पाय वर आला तरी चपला खालीच राहते. मागे पट्टा असलेल्या, खोबणीच्या तळाच्या सँडल सर्वांत बऱ्या. जुने कॅनव्हासचे बूट भिजवायची तयारी असेल तर तेही चालतील.

किल्ल्यात खाण्यापिण्याची सोय धरून चालू नका. माणशी एक लिटर पाणी, टोपी, थोडा कोरडा खाऊ, मोबाइलसाठी झिपची प्लास्टिक पिशवी, पातळ टॉवेल आणि जखमेसाठी पट्टी एवढं पुरे. सगळं पाठीवरच्या पिशवीत, दोन्ही हात मोकळे. गाडीची किल्लीही त्याच पिशवीत, आतल्या कप्प्यात. पँटच्या खिशातून किल्ली पडली तर ओहोटीच्या चिखलात ती सापडत नाही.

तिकिटासाठी थोडी सुटी रोख ठेवा. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि प्रवेशाला तिकीट आहे. मोबाइलने पैसे देता येतील, पण नेटवर्कवर वेळापत्रक अडकवू नका.

५. किनाऱ्यावर पोहोचल्यावर लगेच निघू नका

दहा मिनिटं नुसतं पाणी पाहा. वाळूवर पाण्याची कडा जिथे आहे तिथे टाचेने रेघ ओढा किंवा एखादी काठी रोवा. दहा मिनिटांनी कडा रेघेच्या समुद्राकडच्या बाजूला गेली असेल तर पाणी उतरतंय. रेघ बुडाली असेल तर तुमचा तक्ता चुकलाय, तारीख चुकलीय किंवा तुम्ही उशिरा आलात. कारण काहीही असो, जायचं नाही.

मग घोडागाडीवाल्यांना किंवा तिथल्या कोळी माणसांना विचारा. आदबीने, काका-मावशी म्हणून. त्यांना घाई नसते आणि त्यांचं उत्तर ऐकण्यासारखं असतं, कारण काल पाणी कुठवर उतरलं ते त्यांनी पाहिलेलं असतं. वाऱ्याबद्दलही विचारा. पश्चिमेचा वारा जोरात असेल तर तो पाणी किनाऱ्याकडे लोटतो, आणि तक्त्यात दिसते त्यापेक्षा ओहोटी उथळ राहते. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे, वारे असताना हा त्रास नसतो.

घोडागाडीने जायचं असेल तर चढण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: भाडं माणशी की गाडीचं, येण्याजाण्याचं की एका फेरीचं, आणि परत न्यायला गाडी नेमकी कधी येणार. तिसरी गोष्ट बहुतेक जण विचारत नाहीत. गाडीवाला दुसरी फेरी करून येईपर्यंत तुम्ही दरवाजात ताटकळता आणि तोवर पाणी चढतं. ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटांत गाडी आली नाही आणि वाट अजून कोरडी असेल तर वाट न पाहता चालू लागा. एका गाडीत कोंबून बसू नका. ओल्या वाळूत चाक रुततं आणि ओझं त्या घोड्याला ओढावं लागतं.

> तपासा: किनाऱ्यावर मागे राहणाऱ्या एकाला तरी परतीची वेळ सांगितली आहे का? सगळेच किल्ल्यात जाणार असाल तर मुक्कामाच्या ठिकाणी सांगा.

६. वाट चालताना

नाकासमोर, किल्ल्याचा दरवाजा दिसतो म्हणून सरळ रेषेत चालायला लागू नका. किनारा आणि किल्ला यांच्यामधला तळ सपाट नाही, मधे सखल पट्टे आहेत. पाणी उतरताना ते शेवटी रिकामे होतात आणि चढताना सर्वांत आधी भरतात. भरतीचं पाणी समोरून लाटेसारखं येत नाही. ते बाजूंनी, आवाज न करता, या पट्ट्यांत शिरतं. तुम्ही खडकावर कोरडे उभे असता आणि तुमच्या व अलिबागच्या मधल्या भागात पाणी भरत असतं.

त्यामुळे जाताना घोडागाड्यांच्या चाकोरीने चला. चाकोरी जिथून जाते तिथली जमीन टणक असते. गाड्या अजून सुरू झाल्या नसतील तर आधी गेलेल्या माणसांच्या पाऊलखुणांनी जा. वाटेत जिथे जिथे पाणी तुडवावं लागलं ती जागा लक्षात ठेवा, मागे वळून अलिबागच्या किनाऱ्यावरचं एखादं झाड किंवा इमारत तिच्या रेषेत धरा. परतताना सर्वांत खोल पाणी त्याच जागी लागणार.

खडकांवर हिरवं, केसांसारखं शेवाळ असेल तिथे पाऊल सपाट टाका, टाच आधी नको. काळा, खडबडीत, कोरडा दगड धरून चला. साचलेल्या पाण्यात तळ दिसत नसेल तर वळसा घाला.

लहान मुलांचा हात मोठ्यांनी मनगटाला धरावा. ओली बोटं सुटतात. गटातला सर्वांत हळू चालणारा पुढे ठेवा, म्हणजे कुणी मागे राहत नाही.

> सावध: उतरत्या पाण्यातही ते मांडीपर्यंत लागलं, किंवा वाहत्या पाण्याचा ओढ पायांना जाणवला, तर तिथूनच मागे फिरा. थोड्या वेळाने पुन्हा निघता येईल.

७. किल्ल्यात: आधी लांबचं, मग दरवाजाजवळचं

दरवाजातून आत शिरल्याबरोबर लोक तिथेच फोटोंना थांबतात आणि अर्धा वेळ तिथेच जातो. दरवाजा परत निघताना लागणारच आहे. आधी आत जा.

किल्ला दक्षिणोत्तर लांबट आहे. मुख्य दरवाजातून शिरून सरळ मधल्या भागात सिद्धिविनायकाच्या मंदिराकडे जा. दर्शन घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या, नंतर गर्दी होते. जवळच गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चारी बाजूंनी खारं पाणी असताना हा किल्ला जगला कसा, ते तिच्या काठावर कळतं. तिथून दक्षिण टोकाचा धाकटा दरवाजा, मग समुद्राच्या बाजूच्या तटाने उत्तरेकडे. उत्तरेला चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांच्यावर १८४९ हे साल आणि यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलेलं दिसतं. तोफांवर बसू नका, मुलांनाही बसवू नका.

समुद्राकडच्या तटाचे चिरे जवळून पाहा. मोठमोठे दगड चुना न भरता एकावर एक रचले आहेत, फटी मोकळ्या. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. म्हणूनच या तटाच्या कडेवर उभं राहायचं नाही. दगड सुटा असू शकतो, फटीत पाय अडकू शकतो, आणि ऊन कोवळं असताना तिथे सापही येतात.

उत्तरेला थोडा बाहेर सर्जेकोट आहे, कुलाब्याला दगडी बांधाने जोडलेला. तो पाहायचा मोह होतो. नियम सोपा ठेवा: घड्याळात पूर्ण ओहोटीची वेळ अजून झाली नसेल तरच जा. झाली असेल तर सर्जेकोट पुढच्या खेपेला.

दर वीस मिनिटांनी अलिबागच्या बाजूच्या तटावरून वाटेकडे नजर टाका. पाण्याबाहेर आलेला एखादा ठळक खडक हेरून ठेवा. त्याच्या बुडाशी पाणी लागलं की गजर वाजो न वाजो, निघायचं.

८. परत निघताना

गजर वाजला की निघा. "एकच फोटो" म्हणणारा प्रत्येक गटात असतो, त्याला आधीच सांगून ठेवा. दरवाजाबाहेर आल्यावर सगळे मोजा, मगच पहिलं पाऊल टाका. जाताना घोटाभर पाणी जिथे लागलं होतं त्या जागा आधी पार करा, फोटो काढायचेच असतील तर अलिबागच्या वाळूवर पाय टेकल्यावर काढा. तिथून किल्ला दिसतोही चांगला.

परतताना वाटेत पाणी दिसलं तर निर्णय किल्ल्याच्या दारातच घ्या, अर्ध्या वाटेत नाही. घोट्यापर्यंत पाणी असेल आणि पुढचे लोक सरळ चालताना दिसत असतील तर लगेच निघा. गुडघ्याला लागलं असेल तर थांबा. पुढचे लोक पाण्यात गेले म्हणून तुम्ही जायचं, हे कारण होत नाही. त्यांनी दहा मिनिटांपूर्वी सुरुवात केली होती.

९. अडकलात तर

अडकणं म्हणजे संकट नाही. पाण्यात उतरणं हे संकट. किल्ला शेकडो वर्षं या पाण्यात उभा आहे, तटाच्या आत तुम्ही सुरक्षित आहात.

पहिलं काम, किल्ल्यातल्या कर्मचाऱ्यांना किंवा मंदिरातल्या माणसांना सांगा. भरतीच्या वेळी किनारा आणि किल्ल्याच्या दरम्यान होड्या चालतात, तेच बहुतेकांना सोडवायला पुरतं. होडीत बसताना जीवरक्षक जाकीट मागून घ्या आणि बकलं लावा, नुसतं गळ्यात अडकवू नका. दुसरं, किनाऱ्यावर किंवा मुक्कामी फोन करून सगळे एकत्र आणि सुखरूप आहात हे कळवा. कुणी आजारी असेल, जखमी असेल किंवा पाण्यात गेलं असेल तर ११२ लावा. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही आहे.

होडी मिळाली नाही तर पुढची ओहोटी साधारण बारा तासांनी येते. ती रात्रीची असेल तर अंधारात ती वाट ओलांडायची नाही.

पोहता येतं म्हणून कुणी पुढे होऊ लागलं तर अडवा. इथे प्रश्न पोहण्याचा नाही. कंबरेइतक्या वाहत्या पाण्यात, शेवाळाच्या खडकावर, पाठीवर पिशवी घेऊन उभं राहणं पट्टीच्या पोहणाऱ्यालाही जमत नाही.

होडीने जायच्या किल्ल्यांना काय बदलतं

कुलाब्याला ओहोटी हवी. होडीच्या किल्ल्यांना पूर्ण ओहोटी नको. पाणी खूप उतरलं की होडी पायऱ्यांना नीट लागत नाही, खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि उतरताना झेप घ्यावी लागते. मध्यम पाण्यात, सकाळी, पहिल्या-दुसऱ्या होडीने जाणं सर्वांत सोपं. दुपारनंतर वारा वाढतो आणि होडी हलते.

पावसाळ्यात या फेऱ्या बंद असतात, साधारण मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत, काही ठिकाणी समुद्र निवळेपर्यंत आणखी पुढे. सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर आधी तिथल्या धक्क्यावर चौकशी करून निघा. २०२५ च्या जुलैमध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आहेत, तेव्हा सुट्ट्यांत गर्दी धरूनच चाला.

जंजिरा: राजापुरीच्या धक्क्यावरून होड्या सुटतात. ज्या होडीने गेलात तिनेच परत यायचं असतं आणि किल्ल्यात तास-पाऊण तासच मिळतो. म्हणून काय पाहायचं ते होडीतच ठरवा: कलाल बांगडी तोफ, गोड्या पाण्याचे तलाव, तटावरचा एक फेरा. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला फेऱ्या थांबतात, तेव्हा सकाळीच जा. होडीतून उतरताना पिशवी आधी खलाशाच्या हातात द्या, मग त्याचा हात धरा, आणि तो सांगेल तेव्हाच पाऊल टाका. लाट होडी वर उचलते तो क्षण त्याला कळतो.

सिंधुदुर्ग: मालवणच्या धक्क्यावरून. आत वस्ती आहे, लोकांची घरं आहेत. अंगणात शिरू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका. परतीच्या होडीची वेळ तिकिटावर किंवा तांडेलाकडून (होडीच्या मुख्य खलाशाकडून) नक्की करून घ्या. शिवराजेश्वर मंदिरात वेळ द्यायचा असेल तर तटाची पूर्ण फेरी होत नाही, दोन्हींपैकी एक निवडा.

सुवर्णदुर्ग: हर्णै बंदरातून. इथे पाण्यात उतरून वाळूवर चालत जावं लागू शकतं, तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजायची तयारी ठेवा. आत झाडी माजलेली असते, पूर्ण पँट घाला. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेलं आहे आणि भिंतीवर मारुती. घाईत दोन्ही नजरेतून सुटतात. होडीवाल्याला थांबवून ठेवायचं की ठरलेल्या वेळी परत बोलवायचं, ते पैसे देण्याआधी ठरवा आणि त्याचा मोबाइल क्रमांक घेऊन ठेवा. परतीचे पैसे परत आणल्यावर द्या.

खांदेरी: थळच्या किनाऱ्यावरून होडी ठरवून जावं लागतं, आणि परवानगीची चौकशी आधी करावी लागते. शेजारच्या उंदेरीवर धक्का नाही. तिथे होडी खडकाला लावायची की नाही हे तांडेल पाणी बघून ठरवतो. तो "आज नाही" म्हणाला तर जास्त पैसे देऊ करू नका. उंदेरी होडीतूनच फेरी मारून पाहा.